सुट्टीच्या घराचे हॉटेल होताना : स्कॉटलंडमधील ग्रेवॉल्सचे प्रकरण

प्रकरणाचा विषय

एडिंबरापासून पूर्वेला सुमारे 30 किलोमीटरवर, ईस्ट लोदियन परगण्यातील गलन या समुद्रकाठच्या गावी ग्रेवॉल्स नावाचे घर आहे. एडविन लट्येन्स यांनी 1901 मध्ये एका राजकारण्याच्या सुट्टीसाठी ते बांधले. पुढे त्याचे मालक बदलले, त्यात दोन अन्य वास्तुकारांनी भर घातली आणि 1948 पासून ते हॉटेल आहे. स्कॉटलंडमधील असंख्य कंट्री हाउसेस, म्हणजे ग्रामीण भागातील धनिकांची मोठी घरे, विसाव्या शतकात पाडली गेली किंवा छप्पर उतरवून सोडून दिली गेली, आणि जी हॉटेले झाली त्यांतील बरीचशी आतून ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ग्रेवॉल्स मात्र आजही आपल्या मूळ आराखड्यानुसार वाचता येते. हे कोणत्या निर्णयांमुळे घडले, प्रत्येक टप्प्यावर दुसरे काय होऊ शकले असते आणि आज मागे वळून पाहताना काय वेगळे करावेसे वाटते, हे येथे क्रमाने मांडले आहे. हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबीयांची नावे वगळली असून सार्वजनिक जीवनात नोंद असलेल्या जुन्या व्यक्तींचीच नावे घेतली आहेत.

पार्श्वभूमी

गलन हे मूळचे लहानसे खेडे होते. 1891 मध्ये एडिंबराच्या गोल्फपटूंची जुनी आणि प्रतिष्ठित संस्था, ऑनरेबल कंपनी, आपले मैदान मसलबरा येथून हलवून गलनच्या पूर्वेला म्यूरफील्ड येथे घेऊन आली. पुढच्याच वर्षी, 1892 मध्ये, ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील मानाची स्पर्धा तेथे खेळली गेली. 1898 मध्ये रेल्वेचा फाटा गलनपर्यंत पोहोचला आणि एडिंबराहून येथे येणे सोपे झाले. गोल्फ, समुद्राची हवा आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी दशकाच्या आत एकत्र आल्यामुळे श्रीमंतांना येथे उन्हाळी घर बांधावेसे वाटू लागले. या घरांना शेतजमिनीचा, खंडकऱ्यांचा किंवा वंशपरंपरेचा आधार नव्हता. त्यांचा खर्च मालकाच्या शहरातील उत्पन्नावर चालत असे. या गोष्टीला प्रकरणाच्या उत्तरार्धात फार महत्त्व येते.

घर बांधून घेणारे आल्फ्रेड लिटल्टन हे वकील, खासदार आणि त्या काळचे नामांकित खेळाडू होते. इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट असे दोन्ही खेळ खेळणारे ते पहिले खेळाडू. 1884 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध यष्टिरक्षकाचे काम सोडून त्यांनी हाताखालून टाकलेल्या संथ चेंडूंवर 19 धावांत 4 बळी घेतले होते, ही हकीकत क्रिकेटच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. म्यूरफील्डच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या, ग्रीनपासून (चेंडू घालण्याच्या खळीभोवतीच्या हिरवळीपासून) गोल्फच्या एका फटक्याच्या अंतरावर आपले घर असावे, अशी त्यांची इच्छा असल्याचे सांगतात. घर पाहिल्यावर ही गोष्ट खरी वाटते, कारण मैदान आणि घर यांच्यामध्ये दुसरे काहीही नाही.

लट्येन्स तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. इंग्लंडच्या सरी परगण्यातील दगड, वीट, लाकूड आणि कौले यांच्या स्थानिक परंपरेवर त्यांनी आपला हात बसवला होता आणि उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्याबरोबरची त्यांची जोडी नावारूपाला आलेली होती. स्कॉटलंडमध्ये त्यांनी फार थोडे काम केले आणि ग्रेवॉल्स हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे. भारतातील वाचकांना ते नवी दिल्लीच्या व्हाइसरॉय हाउसचे, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचे, वास्तुकार म्हणून परिचित आहेत. मात्र दिल्लीचे काम त्यांच्याकडे 1912 नंतर आले. ग्रेवॉल्स त्याच्या एक दशक आधीचे असल्याने मोठ्या आकाराचा मोह नसलेले लट्येन्स येथे भेटतात.

घराची रचना

हॉटेलमध्ये रूपांतर करताना काय जपायचे होते, हे समजण्यासाठी रचना नीट पाहणे आवश्यक आहे, म्हणून या भागात थोडे थांबतो.

उत्तरेला गोल्फचे मैदान, वाळूच्या टेकड्या आणि फर्थ ऑफ फोर्थ ही खाडी आहे. तिकडून येणारा वारा खारा आणि बोचरा असतो, उन्हाळ्यातही. दक्षिणेला सपाट शेतजमीन आणि तिच्यापलीकडे लॅमरम्यूर डोंगरांची लांब रांग दिसते. दृश्य उत्तरेला आणि ऊब दक्षिणेला, अशी ही जागा होती. लट्येन्स यांनी घर दोघांच्या मधोमध आडवे ठेवले, मैदानाकडची नजर खुली राखली आणि दक्षिणेकडे उंच दगडी भिंतींची बाग रचून तेथे वाऱ्यापासून आडोसा मिळवला. भिंती मधाच्या रंगाकडे झुकणाऱ्या स्थानिक दगडाच्या, छप्पर उतरते आणि कौलारू, धुराडी उंच आणि ठळक. मजले फार चढवलेले नसल्यामुळे लांबून पाहणाऱ्याला आधी बागेच्या भिंती आणि वर कौलांच्या उतरणी दिसतात, आणि घर नेमके किती मोठे आहे याचा अंदाज लवकर येत नाही.

घरात शिरण्याची वाट हा या रचनेचा गाभा आहे. फाटकातून आत आल्यावर रस्ता सरळ दाराकडे जात नाही. तो चौकोनी अंगण तिरपे कापत जातो आणि शेवटी आतल्या बाजूला वळलेल्या, चंद्रकोरीसारख्या दर्शनी भिंतीसमोर आणून सोडतो. ही वक्र भिंत येणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सामावून घेते. दारातून आत गेल्यावर मात्र वक्रता संपते, खोल्या काटकोनात लागतात, आणि बागेच्या बाजूला बाहेर पडले की एक सरळ अक्ष समोर उलगडतो. हा अक्ष बागेच्या कप्प्यांमधून दक्षिणेकडे जातो आणि कुंपणभिंतीतील गोल झरोक्यातून नजर थेट लॅमरम्यूरच्या रांगेवर जाऊन टेकते. तिरपी वाट, वक्र भिंत, काटकोनी खोल्या, सरळ अक्ष आणि दूरचा डोंगर असा हा पाच पायऱ्यांचा अनुभव आहे. त्यातील एक पायरी काढली तरी बाकीच्या चार दुबळ्या होतात.

इमारतीकडे जाण्याच्या वाटेविषयी लट्येन्स आयुष्यभर हळवे राहिले. रायसीना टेकडीच्या चढामुळे पूर्वीच्या राजपथावरून, म्हणजे आजच्या कर्तव्य पथावरून, जवळ येताना व्हाइसरॉय हाउसचा दर्शनी भाग काही अंतर दिसेनासा होतो, आणि या एका चुकीवरून त्यांचे सहकारी हर्बर्ट बेकर यांच्याशी त्यांचे बिनसले. ग्रेवॉल्सचे तिरपे अंगण पाहिले की त्या भांडणातील त्यांचा त्रागा समजतो.

बागेचे श्रेय जेकिल यांना दिले जाते. भिंतींनी केलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्याचा वेगळा स्वभाव त्या दोघांच्या इतर कामांशी जुळतो. घर आणि बाग यांचा आराखडा एकत्र विचार करून झाला आहे. म्हणून बाग शोभेसाठी बाहेर ठेवलेली जागा ठरत नाही, ती घराच्या छप्पर नसलेल्या दालनांचे काम करते.

पहिला निर्णयबिंदू : भर कशी घालायची

लिटल्टन यांनी घर फार काळ ठेवले नाही. 1903 मध्ये ते वसाहत खात्याचे मंत्री झाले आणि 1905 मध्ये घर विल्यम जेम्स यांच्याकडे गेले. जेम्स दांपत्य अत्यंत श्रीमंत होते आणि राजे सातवे एडवर्ड त्यांच्या निकटच्या वर्तुळात होते. राजे ग्रेवॉल्सला येत असत. त्यांच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीला लागून शौचालय बांधल्याची कथा प्रसिद्ध आहे आणि त्या छोट्या बांधकामाचे पुढे काय झाले ते खाली येईलच. अतियथार्थवादी चित्रकारांचे आश्रयदाते म्हणून गाजलेले एडवर्ड जेम्स यांचा जन्म 1907 मध्ये याच घरात झाला.

जेम्स कुटुंबाला घर अपुरे पडत होते. नोकरचाकर, मुले आणि राजेशाही पाहुणे यांना पुरेल अशी जागा हवी होती. 1908 च्या सुमारास एडिंबराचे वास्तुकार सिडनी मिचेल यांनी प्रवेशाजवळची लॉजेस, म्हणजे फाटकालगतची छोटी घरे, बांधली आणि 1911 मध्ये रॉबर्ट लोरिमर यांनी घराला एक नवा भाग जोडला.

लोरिमर हे काही दुय्यम वास्तुकार नव्हते. त्याच वर्षी एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमधील त्यांचे थिसल चॅपल पूर्ण झाले होते, आणि एडिंबरा किल्ल्यावरील राष्ट्रीय युद्धस्मारकही पुढे त्यांनीच केले. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याचे घर आले की स्वतःची छाप उमटवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. लोरिमर यांनी जोडकाम बाजूला ठेवले, दगड आणि कौले यांची भाषा मूळ घराशी मिळती राखली आणि मुख्य म्हणजे वक्र दर्शनी भिंत आणि बागेचा अक्ष यांना हात लावला नाही. पाच पायऱ्यांचा तो अनुभव 1911 नंतरही शाबूत राहिला.

माझ्या मते या घराच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक क्षण आहे, 1948 पेक्षाही. कारण हॉटेलला लागणाऱ्या जास्तीच्या खोल्या आणि सेवेच्या जागा या टप्प्यावर, तेही मूळ रचना न मोडता, तयार झाल्या. लोरिमर यांनी हॉटेलचा विचारही केला नसेल, पण त्यांच्या जोडकामाशिवाय पुढचे रूपांतर एवढे सौम्य राहिले नसते. मूळ घर तसेच सहा-आठ शयनगृहांचे उरले असते, तर 1948 मध्ये जोडकाम करावेच लागले असते आणि ते पैशाच्या टंचाईत, साहित्याच्या तुटवड्यात आणि लोरिमर यांच्याएवढा हात नसलेल्या कुणाकडून झाले असते.

विल्यम जेम्स 1912 मध्ये वारले. 1924 मध्ये घर सर जेम्स हॉर्लिक यांच्याकडे आले. माल्ट-दुधाचे जे पेय महाराष्ट्रातील घरोघरी आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलांना दिले जाते, त्याच्या संस्थापकांपैकी एकाचे हे पुत्र. त्यांची खरी ओढ झाडांकडे होती. 1944 मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील गीहा हे बेट विकत घेतले आणि तेथील अखामोर येथे ऱ्होडोडेंड्रॉनची नामवंत बाग उभी केली. बागेची अशी आस्था असलेला मालक ग्रेवॉल्सला दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लाभला, हे त्या भिंतींतील बागेचे भाग्यच म्हणायचे.

अडचण

दुसरे महायुद्ध संपल्यावर अशा घरांचा आर्थिक पाया निसटला. घरकामासाठी माणसे मिळेनात. युद्धात कारखान्यांत आणि सैन्यात काम केलेल्या स्त्री-पुरुषांना पुन्हा मोठ्या घरातील राबणूक नको होती. मृत्युकराचे, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेवर बसणाऱ्या कराचे, दर चढत गेले आणि 1949 मध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी ते 80 टक्क्यांवर पोहोचले. कोळसा, खाद्यपदार्थ आणि कापड यांचे रेशनिंग चालूच होते. बांधकामाला परवाना लागत असे आणि साहित्य आधी नव्या घरांकडे वळवले जाई. कोळसा वगळता ही नियंत्रणे 1954 पर्यंत टप्प्याटप्प्याने उठली.

स्कॉटलंडमध्ये त्यात आणखी एक गोष्ट होती. छप्पर नसलेल्या इमारतीवर स्थानिक कर बसत नसे. त्यामुळे राहण्यास परवडत नाही आणि विकलेही जात नाही अशा घराचे छप्पर उतरवून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग मानला जाई आणि छप्पर गेलेली इमारत काही हिवाळ्यांतच संपते. अँगस परगण्यातील पॅनम्यूर हाउस 1955 मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. ईस्ट लोदियनमध्येच हॅडिंग्टनजवळचे अ‍ॅमिसफील्ड त्याआधी, 1928 मध्ये, गेले होते. इमारतींना वारसा म्हणून यादीत नोंदवण्याचा कायदा 1947 मध्ये आला खरा, पण प्रत्यक्ष याद्या होऊन संरक्षणाला धार येण्यास आणखी दोन दशके जावी लागली. 1948 मध्ये ग्रेवॉल्सला कायद्याने वाचवले असते असे म्हणता येत नाही.

ग्रेवॉल्सची स्वतःची अडचण अशी की ते मधल्या आकाराचे होते. जहागिरीचे उत्पन्न देणारी जमीन त्याच्यामागे नव्हती. एका कुटुंबाने नोकरांशिवाय राहावे इतके ते लहान नव्हते, आणि शाळा किंवा इस्पितळ सामावेल इतके मोठेही नव्हते. घरापेक्षा बाग आणि तिच्या भिंती यांची देखभाल अधिक माणसे मागत होती.

विचारात घेण्यासारखे पर्याय

त्या वर्षांत अशा घरासमोर मोजक्याच वाटा होत्या आणि प्रत्येकीचे परिणाम ग्रेवॉल्सच्या संदर्भात तपासता येतात.

सरळ विक्री ही पहिली. गोल्फच्या मैदानाला लागून असलेल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळाले असते, परंतु घेणाऱ्याला घरापेक्षा भूखंडाचे मोल अधिक वाटण्याची शक्यता होती. भिंतींच्या आतील बाग तोडून चार बंगले बसवणे सहज शक्य होते. तसे झाले असते तर घर उभे राहूनही त्याचा दक्षिणेकडचा अक्ष संपला असता.

नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे घर सोपवणे ही दुसरी वाट. ट्रस्टने 1942 मध्ये कंट्री हाउसेससाठी योजना सुरू केली होती. लीथ हॉल आणि कलेन कॅसल 1945 मध्ये ट्रस्टकडे आलेही होते. मात्र त्या वेळच्या अभिरुचीत सोळाव्या ते अठराव्या शतकातील वाड्यांना मान होता. पन्नाशीही न गाठलेले एक सुट्टीचे घर जपण्यासारखे आहे, हे पटवणे 1948 मध्ये कठीण होते. लट्येन्स 1944 मध्ये वारले होते आणि आधुनिकतावादाच्या त्या भरतीच्या काळात त्यांच्या कामाकडे जुनाट म्हणून पाहिले जात होते. शिवाय घरासोबत देखभालीचा निधीही द्यावा लागत असे.

शाळा, वृद्धाश्रम किंवा बरे होणाऱ्या रुग्णांसाठी निवास या संस्थात्मक वापराने अनेक घरे तात्पुरती वाचली. पण मोठ्या खोल्यांत पडद्या घालणे, अंगणात शेड उभारणे आणि बागेत खेळाचे मैदान काढणे हे त्याच्यासोबत येते. ग्रेवॉल्सचे अंगणच त्याचा आत्मा असल्याने हा मार्ग तेथे विशेष घातक ठरला असता.

घराचे फ्लॅट पाडून विकण्याचा चौथा मार्ग बाहेरचे रूप टिकवतो, परंतु मालकी विभागली जाते. एकदा पाच-सहा मालक झाले की बागेचा अक्ष कुणाचा आणि वक्र भिंतीसमोर गाडी कुणी लावायची, याचे वाद सुरू होतात. एकसंध रचनेच्या घरासाठी विभागलेली मालकी ही संथ झीज असते.

हॉटेल ही पाचवी वाट. एकच मालकी, बसण्याच्या खोल्या बसण्यासाठीच, जेवणघर जेवणासाठीच आणि शयनगृहे झोपण्यासाठीच, म्हणजे खोल्यांचा हेतू जवळजवळ जसाच्या तसा. बाग हे हॉटेलचे आकर्षण असल्याने तिच्या देखभालीला उत्पन्नाचे कारण मिळते. धोका होता तो खोल्यांच्या संख्येचा. इतक्या कमी खोल्यांवर हॉटेल चालेल का, आणि चालत नसल्यास जोडकामाचा दबाव येईल का, हे प्रश्न मोकळे होते.

काय केले गेले

1948 मध्ये घर हॉटेल म्हणून सुरू झाले आणि मालकी हॉर्लिक यांच्या कुटुंबाकडेच राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपन चॅम्पियनशिप तेरा वर्षांनी म्यूरफील्डला परत आली होती. राजे सहावे जॉर्ज सामना पाहण्यास हजर होते आणि त्यांच्यासमोर हेन्री कॉटन यांनी 66 फटक्यांची फेरी खेळून पुढे विजेतेपद मिळवले. नव्या हॉटेलला इतकी अनुकूल सुरुवात सहसा मिळत नाही. युद्धानंतरच्या स्कॉटलंडमध्ये हे कंट्री हाउस हॉटेलांचे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे. फोर्ट विल्यमजवळचे इनव्हर्लॉखी कॅसल, जेथे राणी व्हिक्टोरिया 1873 मध्ये राहिल्या होत्या, त्याचे हॉटेल व्हायला 1969 साल उजाडले.

रूपांतराची पद्धत संयमाची होती. लाकडी तक्त्यांनी मढवलेले ग्रंथालय ग्रंथालयच राहिले आणि पाहुण्यांची बसण्याची मुख्य खोली बनले. तेथे स्वागतकक्षाचा काउंटर घालणे सोयीचे झाले असते, पण तसे केले गेले नाही. जास्तीच्या खोल्यांसाठी घरालगत नवा मोठा भाग बांधण्याऐवजी आवारात आधीपासून असलेल्या छोट्या इमारती वापरात घेतल्या. प्रवेशाजवळच्या लॉजेसमध्ये पाहुणे राहू लागले आणि राजे सातवे एडवर्ड यांच्यासाठी बागेच्या भिंतीला बांधलेल्या त्या जागेचीही पुढे मुक्कामाची खोली झाली. खोल्यांची संख्या आजही दोन डझनांच्या आतच आहे.

हॉटेल चालवण्याच्या जगात हा आकडा अडचणीचा मानला जातो. स्वयंपाकघर, रात्रपाळी, माळी आणि धुलाई यांचा स्थिर खर्च वीस खोल्यांना जवळपास तेवढाच येतो जेवढा चाळीस खोल्यांना येतो. म्हणून बहुतेक कंट्री हाउस हॉटेले काही वर्षांत मागच्या बाजूला शयनगृहांची नवी रांग, लग्नांसाठी सभागृह आणि तरणतलाव अशी वाढत जातात. ग्रेवॉल्सला मागची बाजूच नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. एकीकडे चंद्रकोरीचे अंगण, दुसरीकडे बाग, तिसरीकडे म्यूरफील्ड. लट्येन्स यांचा आराखडा स्वतःच जोडकामाला नकार देतो आणि मालकांनी तो नकार मान्य केला.

1971 च्या अग्निसुरक्षा कायद्यानंतर ब्रिटनमधील हॉटेलांना अग्निसुरक्षा प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. जुन्या घरांतील उघडे जिने काचेच्या पेट्यांत बंद करणे, कोरीव दारांवर पत्रे ठोकणे आणि मार्गिकांत जड झडपा बसवणे या कामांनी त्या दशकात अनेक घरांचे आतले सौंदर्य हरवले. त्यानंतर प्रत्येक खोलीला जोडून स्नानगृह असावे ही अपेक्षा आली, आणि तिच्यापायी शयनगृहांचे कोपरे कापून छताच्या कंगोऱ्यांमध्ये भिंती घुसवल्या गेल्या. ज्या घरात मजले कमी, पसारा आडवा आणि खोल्या थोड्या, तेथे या दोन्ही मागण्यांचा घाव हलका बसतो. ग्रेवॉल्सचा बुटका, पसरट आराखडा याही बाबतीत त्याच्या कामी आला.

परिणाम

घराला आज स्कॉटलंडच्या वारसा-यादीत अत्युच्च असा 'ए' वर्ग आहे आणि बागेची राष्ट्रीय उद्यान-सूचीत स्वतंत्र नोंद आहे. 1959, 1966, 1972, 1980, 1987, 1992, 2002 आणि 2013 अशा ओपनच्या फेऱ्यांमध्ये जगातील नामवंत गोल्फपटू येथे उतरले. जॅक निकलस यांना 1966 चे विजेतेपद मिळाले तेव्हा म्यूरफील्डचे नाव त्यांच्या मनात इतके बसले की त्यांनी ओहायोमध्ये उभारलेल्या मैदानाला म्यूरफील्ड व्हिलेज असे नाव दिले. 2010 च्या सुमारास फ्रेंच पाककलेचे आचार्य अल्बेर रू यांच्या नावाचे भोजनगृह येथे सुरू झाले आणि गोल्फ न खेळणारा पाहुणाही येऊ लागला.

वास्तूच्या दृष्टीने परिणाम असा की 1901 मध्ये लिटल्टन यांचा पाहुणा ज्या क्रमाने आत येत असे, त्याच क्रमाने आजचा पाहुणा येतो. तिरप्या वाटेने अंगणात, वक्र भिंतीसमोर, दारातून आत, ग्रंथालयात, आणि मग बागेत. घर संग्रहालय झाले असते तर दोरीमागून पाहावे लागले असते. येथे माणूस त्या खोल्यांत वर्तमानपत्र वाचत बसतो. घरगुती वास्तुकला समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही.

एक मर्यादा मात्र 2016 मध्ये उघड झाली. त्या वर्षी मे महिन्यात ऑनरेबल कंपनीच्या सभासदांनी स्त्रियांना सभासदत्व देण्याच्या प्रस्तावाला बहुमत दिले, पण आवश्यक दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. ओपनचे आयोजन करणाऱ्या संस्थेने म्यूरफील्डला स्पर्धेच्या मैदानांतून तात्काळ वगळले. 2017 मध्ये पुन्हा मतदान होऊन प्रस्ताव संमत झाला, मैदान परत यादीत आले आणि 2022 मध्ये विमेन्स ओपन तेथे झाली. परंतु ज्या हॉटेलचा लौकिक शेजारच्या मैदानाशी बांधलेला आहे, त्याचे भवितव्य त्या मैदानाच्या सभासदांच्या मतपेटीवर अवलंबून राहू शकते, हे त्या दहा महिन्यांनी दाखवून दिले. ज्या शेजारामुळे 1948 मध्ये हॉटेल जगले, तोच शेजार जोखीमही होता.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट नोंदींची. घराचा वापर बदलण्याआधी, 1948 मध्येच, प्रत्येक खोलीचे मोजमाप, छायाचित्रे आणि विशेषतः बागेतील लागवडीचा तपशीलवार आराखडा करून ठेवायला हवा होता. दगडी भिंत शंभर वर्षे तशीच राहते, पण फुलझाडांचे वाफे दर पंधरा-वीस वर्षांनी नव्याने लावावे लागतात, आणि प्रत्येक वेळी माळ्याची आवड त्यात मिसळते. जेकिल यांचे श्रेय परंपरेने चालत आले असताना तर अशा नोंदींचे मोल दुप्पट झाले असते. त्या काळात कंट्री हाउसची अशी मोजणी करण्याची पद्धत रूढ नव्हती हे खरे असले, तरी आज असे रूपांतर हाती घेणाऱ्याने ही पायरी गाळण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी गोष्ट देखभालीच्या निधीची. हॉटेलचे उत्पन्न आणि वास्तूचा खर्च यांची लय वेगळी असते. खोल्यांचे भाडे दर हंगामात येते, पण छताची कौले आणि शिशाच्या पन्हळी तीस-चाळीस वर्षांनी एकदम मोठा खर्च मागतात. ओपनच्या वर्षांत होणाऱ्या जादा कमाईचा ठरावीक हिस्सा छप्पर आणि भिंती यांच्यासाठी स्वतंत्र ठेवण्याची व्यवस्था सुरुवातीपासून लेखी असती, तर पुढच्या पिढ्यांवरील भार हलका झाला असता. 1992, 2002 आणि 2013 या तीन स्पर्धांमध्ये दहा-अकरा वर्षांचे अंतर आहे. एवढ्या लांब पल्ल्याच्या उत्पन्नाला एवढ्याच लांब पल्ल्याचा खर्च जोडणे सर्वांत स्वाभाविक ठरले असते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल जाणकारांत दुमत होईल. हॉटेल झाल्यामुळे घर पाहण्यासाठी तेथे राहणे किंवा जेवणे परवडावे लागते. ट्रस्टकडे गेले असते तर तिकिटावर कुणीही आत गेला असता, मात्र मग तेथील जगणे थांबले असते. मला वाटते की दोन्हींच्या मधली वाट, म्हणजे वर्षातील काही ठरावीक दिवस बाग आणि अंगण सर्वांसाठी खुले ठेवण्याचे बंधन मालकीच्या कागदपत्रांतच घालणे, ही योग्य ठरली असती. स्कॉटलंडमध्ये खासगी बागा धर्मादायासाठी ठरावीक दिवशी खुल्या करण्याची प्रथा 1931 पासून आहे, त्यामुळे ही कल्पना त्या काळालाही परकी नव्हती.

लॉजेस, बागेच्या भिंतीला लागलेली खोली आणि आवारातील इतर लहान इमारती वापरण्याचा निर्णय मात्र जसा झाला तसाच पुन्हा घ्यावा असा आहे. मोठ्या घराभोवतीच्या या किरकोळ वास्तूंना बहुतेक ठिकाणी अडगळ समजून आधी पाडले जाते. ग्रेवॉल्समध्ये त्यांनी खोल्यांची तूट भरून काढली, आणि त्या उभ्या राहिल्यामुळेच फाटकापासून दारापर्यंतची तिरपी वाट आजही दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे.